'मोठे दिवे लावलेस!' : डोक्यातल्या आवाजाचं डीबगिंग

नेहमी आपण इथे इंटरव्ह्यू, जॉब स्विच, पगार असल्या गोष्टींवर बोलतो. आजचा विषय जरा घरगुती आहे. आपण स्वतःशी जे बोलतो ना, मनातल्या मनात, त्याबद्दल बोलायचंय. त्यातही जे वाईट बोलतो त्याबद्दल. हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. मधले 'अं', 'म्हणजे' आणि शेजारच्या बिल्डिंगमधला ड्रिल मशीनचा आवाज काढून टाकलाय, बाकी जसंच्या तसं.

सुरुवात एका शुक्रवारपासून करतो. संध्याकाळी साडेसहाला मी प्रॉडक्शनवर एक बदल सोडला. डेटाबेसच्या एका मोठ्या टेबलवर इंडेक्स टाकायचा होता, बस. आम्ही पोस्टग्रेस वापरतो. पोस्टग्रेसमध्ये साधी 'क्रिएट इंडेक्स' कमांड दिली की इंडेक्स पूर्ण होईपर्यंत त्या टेबलमध्ये काही लिहिता येत नाही. वाचता येतं, पण नवीन नोंद जात नाही. त्याच कमांडमध्ये 'कन्करंटली' हा एक शब्द घातला की लिहिणं चालू राहतं, फक्त वेळ जास्त लागतो. तो एक शब्द मी घातला नव्हता. टेस्टिंगच्या डेटाबेसवर टेबल एवढंसं होतं, तिथे चुटकीसरशी काम झालं होतं. प्रॉडक्शनवर २३ मिनिटं एकही ऑर्डर आत गेली नाही.

कोणी ओरडलं नाही. खरंच नाही. मॅनेजर म्हणाले, 'होतं रे, सोमवारी रिपोर्ट लिहू.' मी लॅपटॉप बंद केला, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास बाईकवर बसलो, आणि तेवढ्यात डोक्यात एकजण चालू झाला. 'मोठे दिवे लावलेस. तुला यातलं काही कळतच नाही. इतकी वर्षं नशिबाने निभावलं, आता सगळ्यांनाच कळलं.' तो माणूस पुढे चार महिने गप्प बसला नाही.

हे असं एकदाच झालं असतं तर मी एपिसोड केला नसता. पण त्याचे परिणाम हळूहळू दिसायला लागले. मी कॉलवर म्यूटच असायचो. चार ओळींचा बदल अकरा वेळा वाचून मग रिव्ह्यूला टाकायचो. कोणी 'एक मिनिट बोलायचंय' असा मेसेज टाकला की पोटात गोळा. आणि मग मॅनेजरनी विचारलं, 'एका मॉड्यूलचा लीड होतोस का? दोन जण देतो तुझ्याखाली.' मी म्हणालो, 'आत्ता नको सर, घरी जरा अडचण आहे.' घरी काहीही अडचण नव्हती. आई-अण्णा बार्शीला मजेत होते. मॅनेजर म्हणाले, 'ठीक आहे, तीन महिन्यांनी परत विचारतो.'

त्या रात्री मी रूममेटला खरं सांगितलं. तो म्हणाला, 'तू घाबरलास एवढंच नाही, तू खोटं बोललास. हे जास्त झालं.' त्याच्या ऑफिसातल्या एकाने एका कोचकडे सेशन घेतली होती, त्याने नंबर दिला. फी ऐकली, एका सेशनचे अडीच हजार, आठ सेशन. डोक्यातला माणूस लगेच म्हणाला, 'एवढ्यात चांगला मॉनिटर येतो.' तसा येतो, हे मान्य.

कोच मॅडम पन्नाशीच्या. आधी बरीच वर्षं आयटीतच प्रोजेक्ट सांभाळायच्या, त्यामुळे 'प्रॉड' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही. पहिलंच वाक्य, 'अरे-तुरे केलं तर चालेल ना?' मी म्हटलं, चालेल. मग त्यांनी कामाचं काही विचारलंच नाही. झोप किती लागते? जेवण जातं का? आवडायच्या त्या गोष्टी अजून आवडतात का? जगूच नये असं कधी वाटलं का? हा शेवटचा प्रश्न त्यांनी 'चहा घेतलास का' इतक्या सरळ आवाजात विचारला. मी म्हटलं, नाही, तसं नाही. मग म्हणाल्या, 'तसं असतं, किंवा पुढे कधी झालं, तर माझ्याकडे यायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. मी कोच आहे. आजार बरा करणं माझं काम नाही.'

हे मी मुद्दाम आधीच सांगतोय. आपल्याकडे कोच व्हायला कोणाची परवानगी लागत नाही. उद्या मीही कार्ड छापू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी लागते, सायकिअ‍ॅट्रिस्ट तर डॉक्टरच असतो. कोचला असलं कायद्याचं काही नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनसारख्या संस्था प्रशिक्षण आणि तासांचा अनुभव बघून प्रमाणपत्र देतात, पण ते घेणं ऐच्छिक. त्यामुळे जो पहिल्याच भेटीत 'हे माझं काम नाही' असं काहीतरी सांगतो, तो मला बरा वाटतो. ९९ रुपयांच्या वेबिनारमध्ये 'तुमची फ्रिक्वेन्सी बदलतो' म्हणणाऱ्याबद्दल माझं मत तुम्ही ओळखलं असेलच.

तर मला वाटलं होतं, आता त्या म्हणणार, पॉझिटिव्ह विचार कर. ते मी करून बसलो होतो. एका अ‍ॅपमध्ये रोज सकाळी 'मी सक्षम आहे, मी पुरेसा आहे' अशी वाक्यं यायची, ती मोठ्याने म्हणायची. मी आरशासमोर म्हणायचो आणि आतून उत्तर यायचं, 'हो का? आणि ती २३ मिनिटं?' म्हणजे बरं वाटायच्या ऐवजी रोज सकाळी त्या शुक्रवारची उजळणी व्हायची. मॅडम हसल्या. म्हणाल्या, यावर प्रयोगही झालाय. नंतर मी शोधला. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या जोअन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना 'मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे' अशा अर्थाचं वाक्य पुन्हापुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दल मत आधीच चांगलं होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं वाईट होतं, म्हणजे ज्यांना खरी गरज, त्यांना आणखी वाईट वाटलं. ज्यावर आपलाच विश्वास नाही असं वाक्य म्हटलं की मन लगेच उलट पुरावे गोळा करायला लागतं.

'मग काय करायचं? त्याला गप्प करायचं?' मी विचारलं. त्या म्हणाल्या, 'पुढची दोन मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नकोस.' पुढची दोन मिनिटं काय झालं ते सांगायची गरज नाही. डॅनिएल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये नेमका हा प्रयोग केला होता.

मला पहिला होमवर्क मिळाला तो आपल्या धंद्यातला होता. दोन आठवडे काहीही सुधारायचं नाही, फक्त लॉग लिहायचा. वेळ, त्या वेळी काय चाललं होतं, आणि डोक्यात आलेलं वाक्य शब्दशः. मी पहिल्या दिवशी लिहिलं, 'दुपारी ३, मीटिंगनंतर, लो वाटलं.' ते बघून त्या म्हणाल्या, '"अ‍ॅप चालत नाही" एवढंच लिहिलेलं तिकीट आलं तर तू काय करतोस?' मी म्हटलं, परत पाठवतो. 'मग हे पण परत.'

तर खरा लॉग असा दिसायला लागला. मोबाइलच्या नोट्समध्ये आहे, दोन-चार वाचतो.

सकाळी ९:५२, स्टँडअपच्या आधी : 'कालचं काम अजून झालंच नाही, आता काय तोंड दाखवणार?'

दुपारी १२:२०, रिव्ह्यूमध्ये तीन कॉमेंट आल्या : 'ह्याला कळलं, मला काही येतच नाही.'

रात्री १०:४०, लिंक्डइन बघताना : 'बॅचमधले सगळेच पुढे गेले. तू बस इथेच.'

रात्री १२:०५, झोप येत नाही : 'मोठे दिवे लावलेस.'

दोन आठवड्यांत ६१ नोंदी झाल्या. आधी मला वाटायचं की हा आवाज दिवसभर चालू असतो. तसं नव्हतं. निम्म्याहून जास्त नोंदी दोन वेळांच्या होत्या. स्टँडअपच्या आधीचा अर्धा तास, आणि रात्री दहानंतर फोन हातात असताना. प्रत्यक्ष कोड लिहिताना, एखादा बग शोधताना एकही नोंद नव्हती. हे मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. लॉगने दाखवलं.

यामागची गोष्ट थोडक्यात सांगतो. अ‍ॅरन बेक नावाचे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते, फिलाडेल्फियाचे. १०० वर्षं जगले, २०२१ मध्ये गेले. १९६० च्या आसपास ते जुन्या पद्धतीने मनोविश्लेषण करायचे, पेशंटने मनात येईल ते बोलायचं. त्यांच्या लक्षात आलं की पेशंट जे बोलतोय त्याच्या शेजारून दुसराच एक विचारांचा प्रवाह चालू असतो. झटपट, तुटक, स्वतःबद्दलचा, आणि पेशंटला स्वतःलाही नीट लक्षात न येणारा. त्यांनी त्याला 'ऑटोमॅटिक थॉट्स' म्हटलं. आपल्या भाषेत बॅकग्राउंड प्रोसेस म्हणा. स्क्रीनवर काही दिसत नाही, बॅटरी मात्र संपत असते. बेकनी पेशंटना हे विचार पकडायला आणि तपासायला शिकवलं, त्यातून कॉग्निटिव्ह थेरपी उभी राहिली. कोच लोकांनी त्यातली काही हत्यारं उचललीत.

कोचिंगची स्वतःची मुळं मात्र टेनिस कोर्टवर आहेत, हे मला माहीतच नव्हतं. टिमोथी गॅलवे नावाच्या टेनिस कोचचं १९७४ चं पुस्तक आहे, 'द इनर गेम ऑफ टेनिस'. त्याचं म्हणणं, खेळाडूच्या आत दोघं असतात. एक सतत सूचना देणारा, शिव्या घालणारा, आणि एक प्रत्यक्ष खेळणारा. पहिला जितका बडबडतो तितका दुसरा बिघडतो. गॅलवे खेळाडूंना एक सोपं काम द्यायचा. चेंडू जमिनीवर आपटला की 'बाउन्स' म्हणायचं, रॅकेटला लागला की 'हिट' म्हणायचं. बडबड्याला काम मिळालं की तो शिव्या घालायचा विसरतो. माझा लॉग म्हणजे तेच 'बाउन्स, हिट' होतं, हे खूप उशिरा लक्षात आलं.

तिसऱ्या सेशनला मॅडमनी ती ६१ वाक्यं प्रिंट करून समोर ठेवली. या वेळी प्रत्यक्ष भेटलो होतो, कोथरूडला त्यांच्या घरी. हातात लाल पेन दिलं. म्हणाल्या, 'प्रत्येक "च"ला गोल कर.'

मला कळेना. पण केलं. झालं'च' नाही. येत'च' नाही. सगळे'च' पुढे गेले. नेहमी'च' असं होतं. यायला'च' हवं होतं. कागद देवीच्या गोंधळासारखा लालेलाल. मग म्हणाल्या, 'आता "च" काढून वाच.' 'कालचं काम अजून झालं नाही.' अरे, हे तर स्टेटस अपडेट आहे! 'मला हे येत नाही.' ठीक आहे, शिकता येईल. 'बॅचमधले काही पुढे गेले.' गेले, अभिनंदन त्यांचं.

इंग्रजीत हे जमलं नसतं, बरं का. आपल्या भाषेत एका अक्षरात सगळी दारं बंद होतात. 'मला जमत नाही' म्हणजे आजची बातमी, 'मला जमतच नाही' म्हणजे जन्माची शिक्षा. (आईच्या हातचीच भाकरी आवडते, तो 'च' राहू दे. त्याच्याशी आपलं भांडण नाही.)

या 'च'मागेही एक माणूस आहे, अल्बर्ट एलिस. हाही अमेरिकन, याने १९५५ च्या सुमारास आपली पद्धत सुरू केली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, आणि महाराष्ट्रात ती बऱ्यापैकी रुजलेली आहे. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' नावाची मराठी कादंबरीही आहे त्याच्या आयुष्यावर. एलिसचं म्हणणं ढोबळपणे असं की घटना आपल्याला उद्ध्वस्त करत नाही, त्या घटनेवर आपण लादलेली मागणी करते. 'माझं काम चांगलं व्हावं' ही इच्छा झाली. 'माझं काम चांगलं झालंच पाहिजे, नाहीतर मी बिनकामाचा' ही मागणी झाली. इच्छा पूर्ण झाली नाही तर वाईट वाटतं. मागणी पूर्ण झाली नाही तर माणूस कोसळतो. स्वतः एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला भयंकर लाजायचा. १९ वर्षांचा असताना त्याने ठरवून न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी गप्पा मारायचा प्रयत्न केला. शंभरेक जणी बोलल्या, भेटायला एकच तयार झाली, तीही आली नाही. पण नकाराने आपण मरत नाही, हे त्याला कळलं. (मंडळी, हा प्रयोग एफसी रोडवर करू नका. काळ वेगळा, कायदे वेगळे.)

आता सगळ्यात महत्त्वाचं सेशन, चौथं. मी त्या शुक्रवारचा विषय काढला. मॅडम म्हणाल्या, 'ऑफिसात रिपोर्ट लिहिलात ना? वाचून दाखव.' मी लॅपटॉपवरून वाचला. त्यात काय होतं? किती वाजता काय झालं. टेस्टिंगच्या टेबलमध्ये काही हजार ओळी होत्या, म्हणून लॉक जाणवला नाही. बदल दोघांनी तपासून मंजूर केला होता. चेकलिस्टमध्ये या कमांडबद्दल काही नव्हतं. उपाय काय? चेकलिस्टमध्ये एक ओळ, आणि असा इंडेक्स दिसला की बिल्ड थांबवणारी एक तपासणी. संपूर्ण रिपोर्टमध्ये माझं नाव नाही.

ही आपल्या धंद्यातली चांगली रीत आहे. तिला 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' म्हणतात. एट्सी कंपनीत असताना जॉन ऑलस्पॉ याने २०१२ मध्ये यावर लेख लिहिला आणि ती सगळीकडे पसरली. मुद्दा सरळ आहे. माणसाला शिक्षा केली की पुढच्या वेळी तो माहिती लपवतो, आणि माहिती लपली की तोच अपघात परत होतो. म्हणून 'कोणी केलं' यावर न थांबता, त्या वेळी त्या माणसाला काय दिसत होतं आणि ते करणं त्याला बरोबर का वाटलं, हे विचारायचं.

मॅडम म्हणाल्या, 'छान. आता डोक्यातला रिपोर्ट वाच.' मी वाचला. मूळ कारण : मी मूर्ख आहे. 'उपाय?' मी गप्प. 'मूर्खपणावर पॅच काय सोडणार तू?' मी हसलो, आणि मग का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि काही बोलल्या नाहीत.

माहिती लपवण्याचा मुद्दा मला बाईकवर परत येताना भिडला. मी मॅनेजरला 'घरी अडचण आहे' म्हणालो होतो. आतला माणूस इतकी शिक्षा करत होता की मी बाहेर खरं सांगणंच बंद केलं होतं.

एक गोष्ट मात्र मॅडमनी केली नाही. 'तू हुशार आहेस रे, काळजी करू नकोस' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मी म्हटलं, 'पण डेटाबेसच्या लॉकबद्दल मला खरंच फारसं माहीत नव्हतं.' तर म्हणाल्या, 'मग शीक. ही ओळ खरी आहे, ही खोडू नकोस.' मी तीन रविवार पोस्टग्रेसचं डॉक्युमेंटेशन घेऊन बसलो. कुठली कमांड कुठला लॉक घेते याचा तक्ता केला, टीमच्या पानावर टाकला. डोक्यातलं सगळंच खोटं असतं असं मानलं तर असल्या खऱ्या ओळीही आपण फेकून देतो, आणि मग परत तिथेच आपटतो. लॉगमध्ये वॉर्निंगपण असतात, हो ना? त्या वाचायच्या असतात. फक्त प्रत्येक वॉर्निंगला 'सिस्टीम गेली' म्हणायचं नाही.

पुढचा भाग सगळ्यात विचित्र वाटेल. स्वतःला नावाने हाक मारायची. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांचे २०१४ चे प्रयोग आहेत. त्यातल्या एकात लोकांना थोड्याशा तयारीवर भाषण द्यायला लावलं. काहींनी तयारीच्या वेळी स्वतःशी 'मी' म्हणून बोलायचं, काहींनी स्वतःचं नाव घेऊन किंवा 'तू' म्हणून. नाव घेणाऱ्यांची भाषणं परीक्षकांना जास्त चांगली वाटली, आणि नंतर त्यांनी स्वतःला कमी कोसलं. का? कारण दुसऱ्याला सल्ला देताना आपलं डोकं बरं चालतं.

हे ऐकून मला आमच्या शाळेतले मनाचे श्लोक आठवले. २०५ श्लोक पाठ करायला लावायचे, तेव्हा वैताग यायचा. पण बघा ना, समर्थ रामदास मनाशी समोर बसवल्यासारखं बोलतात, आणि हाक मारतात ती 'सज्जन' म्हणून. मूर्ख म्हणून नाही.

मी म्हटलं, 'पण मॅडम, तो आवाज मला "तू"च म्हणतो. दिवे लावलेस म्हणतो.' त्या म्हणाल्या, 'बरोबर. "तू" कोण कोणाला म्हणतंय यावर सगळं आहे.' मग विचारलं, तुझ्याकडे इंटर्न आहे का? होता. त्याने मागे एकदा पासवर्ड असलेली फाइल चुकून रिपॉझिटरीत टाकली होती. 'तेव्हा तू त्याला काय म्हणालास?' मी म्हणालो होतो, 'टेन्शन घेऊ नको, आधी पासवर्ड बदलू, मग बघू.' त्या म्हणाल्या, 'हाच आवाज वापर. नाव तुझं, आवाज इंटर्नशी बोलतानाचा.' तेव्हापासून मी स्टँडअपच्या आधी घरच्या नावाने स्वतःशी बोलतो. घरचं नाव सांगणार नाही, तुम्ही चिडवाल.

प्रश्न राहिला, 'दिवे लावलेस' कुठून आलं? मॅडमनी एकदा विचारलं होतं, 'हे वाक्य पहिल्यांदा कधी ऐकलंस?' विचार करायला वेळ लागला नाही. अण्णांचं वाक्य. आठवीत गणितात ५२ मिळाले तेव्हाचं. आमच्याकडे पोराचं तोंडावर कौतुक केलं की पोर बिघडतं, असं शास्त्र आहे. त्यामुळे अण्णांचा थोडा रागच आला मला. वीस हजार रुपये घालून मी त्यांचं वाक्य काढून टाकतोय, असं वाटलं.

दिवाळीत बार्शीला गेलो. आमचं छोटं किराणा दुकान आहे. रात्री अण्णा हिशेब करत बसले होते, मी आतल्या खोलीत मोबाइल बघत पडलो होतो. कुठेतरी पन्नास रुपयांचा मेळ लागेना. तीनदा मोजलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. आणि अण्णा पुटपुटले, 'दिवे लावलेत नुसते. साधी बेरीज येत नाही तुला.'

स्वतःला म्हणाले. अगदी तोच सूर.

मी उठून बाहेर गेलो आणि म्हटलं, 'अण्णा, द्या इकडे, मी मोजतो.' पन्नासची नोट वहीच्या पानांत होती. नंतर आम्ही चहा प्यायलो. या विषयावर काही बोललो नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. पण राग गेला तो गेला.

शेवटच्या दोन सेशनमध्ये प्रयोग होते. कॉलच्या पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न विचारायचा, कितीही बावळट वाटला तरी. त्याआधी लिहून ठेवायचं, काय होईल असं वाटतंय. नंतर लिहायचं, काय झालं. माझा पहिला अंदाज : 'सगळे मनात हसतील, सीनियर म्हणेल हे बेसिक आहे.' प्रत्यक्षात सीनियर म्हणाला, 'अरे, मलापण नीट माहीत नाही, शोधूया.' दहा प्रयोग केले. नऊ वेळा काही वाईट झालं नाही. एकदा एकजण खरंच हसला. तेही लिहिलं. लिहून झाल्यावर मी जेवायला गेलो, कँटीनमध्ये मिसळ बरी होती, तेही लिहिलं.

सगळं गोड झालं का? नाही. अप्रेझलच्या आठवड्यात माझा लॉग पुन्हा रोज पाच-सहा नोंदींवर गेला. रात्री फोन लांब ठेवायचं ठरवलंय, ते आठवड्यातून तीन-चार दिवस जमतं. आणि माझा प्रश्न कामापुरता होता, हेही लक्षात ठेवा. झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर लॉग लिहीत बसू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करा. तुम्हाला नाही लागला तर रूममेटला लागेल.

तीन महिन्यांनी मॅनेजरनी खरंच परत विचारलं. मी आधी सांगितलं, 'सर, मागच्या वेळी घरी काही अडचण नव्हती. मी घाबरलो होतो.' ते म्हणाले, 'माहीत होतं.' मग मी सांगितलं, लोकांकडून काम करून घेणं मला अजून जमत नाही, सुरुवातीला तुमची मदत लागेल. 'च' न लावता सांगितलं. आता माझ्याकडे दोन जण आहेत. पहिल्याच महिन्यात एक डेडलाइन चुकली आणि त्याचा रिपोर्ट मीच लिहिला.

आणि ही कालची नोंद. रात्री ११:४०, हा एपिसोड रेकॉर्ड करायला बसलो तेव्हाची. 'हे कोण ऐकणारच आहे? लोकांना तुझं रडगाणंच ऐकवणार का?'

'च' दोन. शेजारचं ड्रिल मशीन बंद होतं, म्हणून रेकॉर्डिंग सुरू केलं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. विषय आहे नोटीस पिरियड.